खिडकीकडची पहिली खुर्ची

३ जून

मामा,

नमस्कार आधीच करून टाकते, नाहीतर आई विचारणार, "मामाला नमस्कार लिहिलास का?"

नव्या नोकरीत मी नेमकं करते काय, ते गिऱ्हाइकाला मेनू समजावतात तसं समजावून सांग, असं तू लिहिलंस. तर ऐक. एचआयव्हीच्या गोळ्या आता इतक्या चांगल्या आहेत की नेमाने घेणारा माणूस सुखाने म्हातारा होतो, हे मी तुला काय सांगू? तू एकोणीस वर्षं त्या घड्याळ लावून घेतो आहेस. पण वय वाढतं तसं त्यातल्या काहींचं डोकं जरा अडखळायला लागतं. एक काम करताना दुसरं राहून जातं, बटणं लावायला वेळ लागतो, जिना उतरताना कठडा धरावासा वाटतो. आजवर हे कागद-पेन्सिलच्या परीक्षेने पकडायचे. बारा शब्द वाचून दाखवायचे आणि किती आठवले ते मोजायचे. अडचण अशी, की माणूस या परीक्षेत मागे पडेपर्यंत आत बरंच बिघडून गेलेलं असतं.

म्हणून आम्ही रक्तात खूण शोधतोय. मज्जातंतूच्या आत धाग्यासारखं एक बारीक प्रथिन असतं. तंतू झिजला की त्याचे कण रक्तात उतरतात. आम्ही त्याला नुसतं "धागा" म्हणतो. रक्तातला धागा मोजून आधीच सावध होता आलं, तर कितीतरी माणसांची वर्षं वाचतील. हे जमणार आहे, मला खात्री आहे.

माझं काम फ्रीझरचं. पाच दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या येतात, त्या मी उणे ऐंशी अंशांत ठेवते आणि मोजायला काढते. नळीवर नाव नसतं, फक्त क्रमांक. मी तो मोठ्याने वाचते, नळीला बोट लावते, वहीत लिहिते आणि मगच नळी हलवते. सगळे हसतात. हसू देत. तू हॉटेलात गिऱ्हाइकासमोर ग्लास ठेवण्याआधी खुर्चीच्या पाठीला बोट लावतोस, त्याचंच हे पिल्लू आहे.

तुझ्या दवाखान्यातूनही नळ्या येतात. तू आमच्या अभ्यासात नाव दिलंस तर मला सांगू नकोस. कुठली नळी कुणाची, हे मला कळता कामा नये.

तुझी,
मुंगूस

११ जून

मुंगसा,

तुझं पत्र दुपारी तीन ते पाचच्या मधे वाचलं. जेवणं आटोपलेली, चहावाले अजून यायचे, आख्खा हॉल माझा. अक्षर वाकडं आलंय, कारण अंगठा सूपच्या पातेल्याला भाजला. ताईला सांगू नकोस, ती फोनवरून हळद पाठवेल.

इथली बातमी अशी की नव्या मॅनेजरने सगळ्या वेटरांच्या हातात यंत्रं दिली आहेत. पाटीसारखी काच. गिऱ्हाईक बोलतं आणि ही पोरं काचेवर बोटं मारत बसतात, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं राहूनच जातं. मी नाही म्हणालो. एकतीस वर्षं ऑर्डर लिहून घेतलेली नाही, आता काय लिहू? मॅनेजर पोरगेला आहे पण वाईट नाही. म्हणाला, "ठीक आहे. पण ज्या दिवशी एक ऑर्डर चुकेल, त्या दिवशी यंत्र घ्यायचं." मी म्हटलं, "मंजूर. तोवर तुम्ही निवृत्त व्हाल."

तुला माझी विद्या माहीत आहे. मी माणसांकडे बघून लक्षात ठेवत नाही, खुर्च्यांकडे बघून ठेवतो. खिडकीकडची खुर्ची पहिली, मग घड्याळाच्या काट्याप्रमाणे पुढे. पहिलीवर टोमॅटो सूप बसलं, दुसरीवर भाजलेला मासा, तिसरीवर बिनसाखरेची कॉफी. माणसं उठतील, जागा बदलतील, भांडून निघूनही जातील. खुर्च्या हलत नाहीत. आठवतं ना, मेंदूतून निघणाऱ्या बारा नसा पाठ होत नव्हत्या म्हणून तू याच हॉलमध्ये मुळूमुळू रडत होतीस? आपण त्या मोठ्या टेबलाभोवती बसवल्या. वासाची नस खिडकीकडे, दृष्टीची तिच्या शेजारी, आणि शेवटची जिभेची दाराशी, कारण ती फार बोलते. तुला त्या वर्षी किती मार्क पडले ते मी सगळ्या स्वयंपाकघराला सांगितलं होतं.

तेव्हा तुझ्या त्या बारा शब्दांच्या परीक्षेला मी बसलो तर बिचाऱ्या परीक्षेचंच कठीण आहे. आणि बसलो तरी तुला सांगणार नाही. नियम म्हणजे नियम.

तुझा,
मामा

२ जुलै

मामा,

काल तुझा लिफाफा आला. पत्ता तुझ्या अक्षरात, आत मात्र पत्र नाही. हॉटेलच्या धुलाईची यादी. "नॅपकिन साठ, टेबलक्लॉथ अठरा, एप्रन दोन, डाग पाहणे." आई आणि मी इतक्या हसलो की आईला ठसका लागला. ती म्हणाली, "लहानपणीही हा असंच करायचा, लाडवांच्या डब्यात बटाटे ठेवायचा." यादी मी आरशाला खोचून ठेवली आहे. चांगला विनोद होता.

मला विनोदाची गरजही होती, कारण इथे माझ्यावर बालंट आलं आहे.

आलेखावर चारशे बारा ठिपके आहेत, एकेक ठिपका म्हणजे एकेक माणूस. शब्दांच्या परीक्षेत कमी गुण, तर रक्तात धागा जास्त. गुण जास्त, तर धागा कमी. थोडंफार इकडेतिकडे सोडलं तर सगळे ठिपके एका उतारावर शहाण्यासारखे बसलेत. एक सोडून. तो वरच्या कोपऱ्यात एकटा उभा आहे. कोण, कुठला, मला माहीत नाही. त्याला बारापैकी बारा. तीन फेऱ्या, तिन्हीत बारा. अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं तरी बारा. असे गुण बाकी कुणालाच नाहीत. आणि रक्तातला धागा इतरांच्या चौपट.

आकडेमोड बघणारा आमचा एक सहकारी आहे, आम्ही त्याला पाठीमागे "दशांश" म्हणतो. तो म्हणाला, "असा माणूस असू शकत नाही. नळ्यांची अदलाबदल झाली आहे." ज्या रॅकमध्ये ती नळी होती तो पूर्ण मी भरला होता. प्रत्येकाच्या दोन नळ्या असतात. दुसरी काढून मोजली, आकडा तोच आला. तर म्हणतो, दोन्ही एकदमच बदलल्या असतील. आता त्या रॅकमधली अठ्ठेचाळीस माणसं अभ्यासातून गाळायची असं चाललंय. आणि महिनाअखेरीला मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रमुख, अहवालात लिहिणार की चूक फ्रीझरवर झाली. म्हणजे माझी. मग किल्ली दुसऱ्याकडे जाईल, आणि नळी बदलणारी म्हणून जिचं नाव झालं तिला पुन्हा कुठलीच प्रयोगशाळा फ्रीझरजवळ फिरकू देत नाही.

मामा, मी नळी बदललेली नाही. बोट लावलेली नळी माझ्या हातून दुसरीकडे जात नाही. मी हे बाईंच्या तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, "विश्वास आहे ग, पण विश्वास आलेखावर काढता येत नाही."

मुंगूस

८ जुलै

मुंगसा,

तू बदललेली नाहीस. हे मी टेबलावर हात आपटून सांगतो, आणि हा हॉल रिकामा असल्यामुळे कुणी बिलही मागणार नाही. कर नाही त्याला डर कशाला? राजीनामा वगैरे खरडू नकोस.

मला मात्र एक विचारायचं आहे. तुम्ही सगळे ठिपक्याबद्दल बोलता आहात. तो ठिपका म्हणजे कुणीतरी माणूस असेल ना? समज, तुझी नळी बरोबर आहे आणि त्याचे बारा शब्दही बरोबर आहेत. मग त्याला काय झालंय? ते वाढत जाणारं असतं का? आणि तुम्ही त्याला गाळलंत तर त्याला कुणी कळवणार का?

सहज विचारतोय. गिऱ्हाईक उपाशी परत गेलं की मला चैन पडत नाही.

अंगठा बरा आहे.

मामा

१३ जुलै

मामा,

इथे सगळे मला विचारतात, "तू त्या दिवशी दमली होतीस का?" त्या माणसाचं काय, हे विचारणारा तू पहिलाच.

तर सांगते. समज, नळी बरोबर आहे. मग त्याचे मज्जातंतू आत्ता, या घडीला, झिजत आहेत आणि परीक्षेला त्याचा पत्ताच नाही. कारणं बरीच असू शकतात. कधी रक्तातला विषाणू गोळ्यांनी पार दबलेला असतो, पण थोडासा मेंदूभोवतीच्या पाण्यात दडून राहतो, कारण काही गोळ्या तिथवर नीट पोचत नाहीत. कधी गोळीच त्या माणसाला मानवत नाही. कधी वेगळंच काही निघतं, रक्तदाब, थायरॉइड, एखादं जीवनसत्त्व. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. गोळ्या बदलता येतात. झिजलेलं सगळं परत येतं असं मी म्हणणार नाही, पण झीज थांबवता येते, आणि लवकर थांबवली तर बरंच सावरतं. आमचा हा सगळा खटाटोप त्यासाठीच तर आहे.

आणि गाळलं तर? तर त्याला कुणीही बोलावणार नाही. त्याचा आकडा म्हणजे आमची चूक ठरेल, आणि चुकीला कोण कळवायला जातं? तो हातात बारापैकी बाराचा कागद घेऊन खुशीत फिरत राहील आणि वर्षा-दोन वर्षांनी रस्ता ओलांडताना मधेच उभा राहील. मला किल्ली जाण्याचं दुःख आहेच, खोटं कशाला बोलू? पण रात्रंदिवस डोक्यात तोच माणूस आहे.

त्या नळीतलं रक्त त्याचंच आहे का, हे जनुकांवरून तपासता येईल, पण त्यासाठी त्याची संमती घेतलेली नाही. त्याला पुन्हा बोलावून रक्त घ्या म्हटलं, तर बाई म्हणतात, आपल्या घोळासाठी एका चांगल्याभल्या माणसाला कशाला घाबरवायचं? अहवाल एकतीस तारखेला जाईल.

मुंगूस

२७ जुलै

मुंगसा,

हे पत्र चार बैठकांत लिहितोय. आधी एक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू श्वास घेत वाचशील: तुझा रॅक सुटला. नळी बदललेली नव्हती. तो ठिपका मी आहे.

तुझा नियम मोडला म्हणून रागावू नकोस. मी योग्य वाटेनेच गेलो. आधी आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, लिहून सही करून दिलं, त्यांनी ते मोठ्या बाईंकडे पाठवलं. "आता भाचीला सांगू का?" असं विचारलं. ते म्हणाले, "आता तुम्हीच सांगा." म्हणून हे पत्र.

तुझं जूनमधलं पत्र वाचून मी चार दिवसांनी नाव दिलं. हेतू शुद्ध नव्हता. मला मॅनेजरच्या नाकासमोर धरायला एक कागद हवा होता. परीक्षा घेणारी मुलगी शब्द वाचायला लागली आणि मी तिला मनातल्या मनात आपल्या मोठ्या टेबलापाशी घेऊन गेलो. पहिला शब्द खिडकीकडे, दुसरा शेजारी, बाराच्या बारा बसवले. मग तिने शंभर वेळा विचारलं असतं तरी मी फेरी मारून सांगितले असते. मी काही आठवत नव्हतो ग, मी फक्त वाढत होतो. पुढे तिने खुंट्या ठेवल्या, पाटीवरच्या भोकांत एकेक बसवायच्या आणि वेळ मोजायची. तेव्हा मी भाजलेला अंगठा पुढे केला. तो तेव्हा जवळजवळ बरा झाला होता. तिने बिचारीने लिहिलं, "दुखापतीमुळे घेतली नाही."

आता खरं काय ते. आठ-नऊ महिने झाले. हॉलमध्ये खुर्च्या मला सांभाळून घेतात, पण खुर्चीबाहेरचं सुटत चाललंय. शर्टाची बटणं लावायला इतका वेळ लागतो की मी ती काढतच नाही, शर्ट डोक्यावरून घालतो. जिन्यावर कठडा धरतो. स्वयंपाकघरात जातो आणि कशाला आलो ते आठवेना म्हणून उगाच मीठ मागून परत येतो. आचारी म्हणाला, "मीठ पुरे झालं, आता निदान साखर तरी मागा." अंगठा भाजला तो पातेलं गरम आहे हे हाताला उशिरा कळलं म्हणून. आणि धुलाईची यादी हा विनोद नव्हता. तुला लिहिलेलं पत्र धुलाईवाल्याकडे गेलं. त्याने ते मुकाट्याने परत आणून दिलं. तुम्ही दोघी हसलात हे वाचून मला बरंही वाटलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं.

तुझं दोन जुलैचं पत्र वाचताक्षणी मला कळलं होतं. तिन्ही वेळा बारा, अर्ध्या तासाने बारा, मीच की. तरी तुला "कर नाही त्याला डर कशाला" असं लिहून मोकळा झालो. कर मी केला होता आणि डर तुला होता. मला भीती वाटली, मुंगसा. विषाणूची कधी इतकी वाटली नव्हती. त्याच्याशी माझा एकोणीस वर्षांचा करार आहे, तो त्याच्या जागी, मी माझ्या. पण माझ्याकडे ना बंगला ना पदवी, एक ही फेरी तेवढी आहे. ती गेली तर मी कोण? असं म्हणत दोन आठवडे काढले. मग तुझं तेरा तारखेचं पत्र आलं. तुझी किल्ली जाते आहे आणि तुझ्या डोक्यात कोण, तर तो माणूस. त्यानंतर मला माझ्याच हॉलमध्ये मान वर करून चालता येईना.

डॉक्टरांनी परीक्षा नव्याने घेतली. म्हणाले, "शंभरातून सात-सात वजा करत मोठ्याने म्हणत राहा, मधे मी शब्द वाचतो." त्र्याण्णव, शहाऐंशी करता करता मी टेबलाकडे वळलो, तर कुणी बसलेलंच नाही. बारापैकी चार. खुंट्या तर अर्ध्यावर सोडल्या. चार हा आकडा लिहायला मला कालचा पूर्ण दिवस लागला.

तुझा,
मामा

१ ऑगस्ट

मामा,

आधी राग. दोन आठवडे तू गप्प बसलास. त्या दोन आठवड्यांत मी रोज त्या रॅकसमोर उभी राहून स्वतःला विचारत होते, खरंच हात चुकला का? मला माझ्याच बोटांवर संशय यायला लागला होता. हे मी विसरणार नाही, आणि तूही विसरू नकोस, पाहिजे तर खिडकीकडच्या खुर्चीवर बसव.

राग संपला. आता दुसरं. तुझं पत्र मी फ्रीझरच्या खोलीत वाचलं आणि तिथेच रडले. उणे ऐंशीच्या दारासमोर अश्रू गोठत नाहीत, हेही तपासून झालं.

मोठ्या बाईंनी डॉक्टरांचं पत्र सगळ्यांसमोर वाचलं, नाव वगळून. खुर्च्यांचा भाग आला तेव्हा दशांश उठला, माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "मी असा माणूस असू शकत नाही म्हणालो होतो. चुकलो." त्याच्या तोंडून दशांशचिन्हाशिवाय वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. मग बाईंना मी एकटीला सांगितलं की तो माणूस माझा मामा आहे. त्या म्हणाल्या, "म्हणजे मामाने आपल्या आख्ख्या प्रयोगशाळेला मामा बनवलं." आता तुझ्या नळ्या माझी सहकारीण हाताळेल, मी त्यांना हातही लावणार नाही, आकडा बघणार नाही. किल्ली माझ्याकडेच आहे.

पण सगळ्यात मोठी चूक माझी. त्या परीक्षेत बारा कसे मिळवतात, हे या इमारतीत फक्त मला माहीत होतं. त्याच विद्येवर मी पास झाले, इथवर आले. आणि तीच विद्या आलेखावर समोर उभी राहिली तेव्हा मी ओळखली नाही. आम्ही लोकांना किती आठवलं ते विचारत होतो, कसं आठवलं ते विचारतच नव्हतो. कालपासून परीक्षेच्या कागदावर शेवटी एक प्रश्न वाढला आहे: "हे शब्द तुम्ही कसे लक्षात ठेवलेत?" आधी बसून गेलेल्यांनाही विचारणार आहोत.

मेंदूभोवतीचं ते पाणी पाठीच्या कण्यातून काढून तपासतात, त्यासाठी डॉक्टरांनी बोलावलं की लगेच जा. सुई बारीक असते. आणि चार म्हणजे चार, मामा. आपल्याला खरा आकडा मिळाला, आता त्याच्यावर काम करता येतं. तू सावरशील असं मला वाटतं, आणि हे मी तुझी भाची म्हणून लिहीत नाही.

मुंगूस

ता.क. आईला तू स्वतः सांग. मी सांगितलं तर ती बॅग भरेल.

१९ सप्टेंबर

मुंगसा,

ताईला सांगितलं. तिने बॅग भरलीच. गेले दहा दिवस ती इथे आहे आणि माझ्या सगळ्या शर्टांची बटणं काढून तिथे दाबाची बटणं लावली आहेत. टचकन बसतात. इतकी वर्षं हे का सुचलं नाही, असं मला तिने अकरा वेळा विचारलं. मी मोजलं.

पाठीतलं पाणी तपासलं. रक्त स्वच्छ, पण त्या पाण्यात विषाणू सापडला. थोडाच, पण होता, तू लिहिलं होतंस तसाच दडून बसलेला. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं आत्ताच सापडला." गोळ्या बदलल्या. आता तिथवर पोचणाऱ्या दिल्या आहेत.

मॅनेजरकडे मी स्वतःहून गेलो. विषाणूचं त्याला सांगितलं नाही, तो माझा खाजगी मामला आहे आणि सुपातून पसरत नाही. पण डोक्याचं सांगितलं. म्हटलं, "ऑर्डर अजून चुकलेली नाही, पण चुकायच्या आधी यंत्र मागायला आलोय." तो पोरगा काय म्हणाला माहीत आहे? "यंत्र घ्या. पण गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कसं बघायचं ते या सगळ्यांना तुम्ही शिकवा." तेव्हा आता दुपारी तीन ते पाच मी शाळा घेतो. पोरं खुर्च्यांना बोट लावायला शिकली आहेत. यंत्र माझ्या एप्रनच्या खिशात असतं. ऑर्डर त्यात टिपून ठेवतो, पण वाढतो आठवणीनेच, आणि शेवटी पडताळून बघतो. परवा एकदा ते बरोबर निघालं आणि मी चूक. आकाश काही कोसळलं नाही.

मामा

२२ नोव्हेंबर

मामा,

फार आनंदाने लिहितेय. आमच्या त्या नव्या प्रश्नाला उत्तरं आली. बहुतेकांनी लिहिलं, "असेच ठेवले." पण सात जण तुझ्यासारखे निघाले. एक शिंपी शब्द कोटाच्या खिशांत ठेवतो. एक बस कंडक्टर त्यांना थांब्याथांब्यावर उतरवतो. एक नर्स वॉर्डातल्या खाटांवर झोपवते. सातही जण आमच्या कागदावर "उत्तम" होते. त्यांची परीक्षा तुझ्या डॉक्टरांच्या पद्धतीने पुन्हा घेतली, मधे सात-सात वजा करायला लावून. पाच जणांचे गुण कोसळले, आणि त्या पाचांच्या रक्तात धागा आधीपासूनच जरा वर होता, "थोडंफार इकडेतिकडे" म्हणून आम्ही तो सोडून दिला होता. पाचही जणांना बोलावलंय. त्यांच्यावर आता उपचार होतील.

म्हणजे रक्त खरं सांगत होतं आणि आम्ही कागदावर विश्वास ठेवत होतो. दशांशने सगळे ठिपके नव्याने काढले. कोपऱ्यात आता कुणी एकटं उभं नाही. बाईंनी अहवालात फ्रीझरबद्दल एकच ओळ लिहिली आहे: "नळ्यांच्या नोंदी निर्दोष." ती ओळ मी धुलाईच्या यादीशेजारी आरशाला लावली.

तुझे आकडे कसे आहेत, हे मला विचारायची परवानगी नाही. सांगायची तुला आहे.

मुंगूस

१४ मार्च

मुंगसा,

मग सांगतो. काल सहा महिन्यांची तपासणी झाली. पाण्यात विषाणू नाही. तुमचा तो धागा निम्म्याहून खाली आला आहे. डॉक्टरांनी कागद वळवून मला दाखवला आणि स्वतःच आधी हसले. खुंट्या पूर्ण बसवल्या, हळू, पण सगळ्या. जिन्यावर कठड्याशी माझं अजून बोलणं आहे, पण पूर्वीइतकं सख्य नाही.

मग शब्द. परीक्षा घेणारी मुलगी तीच होती, पण आता सावध झालेली. म्हणाली, "काका, खुर्च्या नकोत हं." आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. मीही शपथेवर टेबलाकडे पाठ करून बसलो. बारापैकी नऊ. बिनखुर्चीचे, खरे, माझे स्वतःचे नऊ. मला त्या पहिल्या बाराचा कधी आनंद झाला नव्हता, मुंगसा, नुसती सुटका वाटली होती. काल मी दवाखान्यातून हॉटेलपर्यंत चालत आलो आणि वाटेत दोनदा एकटाच हसलो.

राहिलेले तीन शब्द परत येतील की नाही, डॉक्टर सांगू शकत नाहीत. मी म्हटलं, असू दे, तेवढे मी लिहून घेईन.

ताईला हे पत्र वाचून दाखव. चष्मा पुसायला मधे थांबेल, तेवढी सवड दे. आणि ती यादी आता आरशावरून काढ, धुलाईवाला अजून दोन एप्रनचा हिशेब विचारतो.

लिफाफा चिकटवायच्या आधी दोनदा उघडून पाहिलं. आत पत्रच आहे.

तुझा,
मामा